हृदयस्पर्शी म्हणजे नेमके काय?

एकच पुस्तक दहा जणांनी वाचले की त्याची दहा पुस्तके होतात, असे म्हणतात. लखनौच्या शाखेत माझी नियुक्ती होती, त्या काळात मला याचा चांगलाच प्रत्यय आला. तेव्हा बँकांचे कामकाज शनिवारी अर्धा दिवस चाले. महिन्यातल्या एका शनिवारी, रोखीचा मेळ बसला की आम्ही सात-आठ सहकारी आणि काही स्नेही ग्राहक वरच्या मजल्यावरील खोलीत जमत असू आणि ठरवून वाचलेल्या पुस्तकावर चर्चा करीत असू. एकदा कोणीतरी सुचवले, ‘लखनौत राहतो, तर लखनौचीच कादंबरी वाचू या. कुटुंब, प्रेम, दुःख असे सारे असलेली, हृदयस्पर्शी.’ निवड झाली ती अतिया हुसैन यांच्या ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ या इंग्रजी कादंबरीची.

अतिया हुसैन यांचा जन्म १९१३ साली लखनौत, अवधच्या एका तालुकदार घराण्यात झाला. तालुकदार घराण्यांतील मुलींमध्ये त्या पहिल्या पदवीधर. १९४७ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथेच १९९८ साली त्यांचे निधन झाले. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेली ही त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेली एकमेव कादंबरी. भग्न स्तंभावर पडलेले ऊन, असा शीर्षकाचा अर्थ. ही प्रतिमा कवी टी. एस. एलियट यांच्या कवितेतून घेतलेली आहे.

कथानक थोडक्यात असे. आईवडिलांविना वाढलेली लैला लखनौतील ‘आशियाना’ नावाच्या मोठ्या घरात आजोबांच्या छत्राखाली, आत्यांच्या सहवासात आणि पडद्याच्या रिवाजात लहानाची मोठी होते. आजोबा जातात आणि घराची सूत्रे हमीद काकांच्या हाती येतात. लैला अमीर नावाच्या, घराण्याच्या दृष्टीने कमी प्रतिष्ठेच्या तरुणाशी स्वतःच्या मर्जीने विवाह करते. आईच्या मायेने जिने तिला वाढवले ती आबिदा आत्या तिला क्षमा करीत नाही. पुढे अमीर युद्धात मृत्यू पावतो. फाळणी होते. एक चुलतभाऊ पाकिस्तानात जातो, त्याचा सख्खा भाऊ भारतात राहतो. झाहिद नावाचा आणखी एक नातलग तरुण नव्या देशाकडे निघालेल्या आगगाडीत मारला जातो. शेवटच्या भागात लैला कित्येक वर्षांनी ‘आशियाना’त परत येते आणि रिकाम्या खोल्यांतून एकटीच फिरते.

आता मते ऐका. बचत खात्याच्या काउंटरवरील आमची तरुण सहकारी पहिल्यांदा बोलली. तिची तक्रार होती की, लेखिकेने वाचकाला फसवले. ज्या प्रेमासाठी मुलगी घर सोडते, त्या प्रेमाचा संसार आपल्याला जेमतेम दिसतो. अमीर येतो आणि हरवतो. खोल्या, दारे, जिने, आरसे यांना मात्र लेखिका हवी तेवढी जागा देते. ‘ही प्रेमकथा आहे की घराची यादी?’ हा तिचा प्रश्न सर्वांना हसवून गेला; पण तो खोटा नव्हता.

आमचे एक मराठी ग्राहक होते. पं. भातखंडे यांच्या प्रयत्नाने लखनौत १९२६ साली सुरू झालेल्या संगीत महाविद्यालयात शिकण्यासाठी त्यांचे वडील आले आणि येथेच स्थायिक झाले. त्यांना महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ आठवले. १९८५ च्या त्या नाटकातही वडील जातात, माणसे जमतात आणि वाड्याची पडझड दिसू लागते. त्यांच्या मते, घर मोडते तेव्हा मराठी आणि उर्दू दोन्ही घरांत सारखाच आवाज होतो. चौकात राहणाऱ्या एका वृद्ध मुस्लिम ग्राहकांनी तर एवढेच सांगितले, ‘कादंबरीतल्या भावांचा वाद मी लहानपणी पडद्याआडून ऐकला आहे. माझे दोन काका कराचीला गेले. वालिद येथेच राहिले.’ त्यानंतर काही वेळ कोणीच बोलले नाही.

ही शांतता मोडली ती बाराबंकी भागातून आलेल्या आमच्या एका सहकाऱ्याने. त्याचे पूर्वज तालुकदाराच्या जमिनीवर राबणारे. तो शांतपणे म्हणाला, ‘साहेब, हवेली गेली म्हणून पुस्तके लिहिली जातात. आमच्या आजोबांना हवेलीच्या ओट्यावर बसता येत नव्हते, त्याचे पुस्तक कोठे आहे? जमीनदारी गेली तो दिवस आमच्या घरी सणाचा होता. मी कोणासाठी रडू?’

वाचकहो, त्या दिवशी या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. माझ्यापाशी तर मुळीच नव्हते. कूळकायद्यात आमच्या घरची बरीचशी जमीन कुळांकडे गेली होती. ज्याने कसली त्याला ती मिळाली, हे न्याय्यच झाले, असे मी लहानपणापासून ऐकत आणि मानत आलो. तरीही आमचे आजोबा अखेरपर्यंत त्या शेताच्या वाटेने कधी गेले नाहीत, लांबच्या वाटेने जात. न्याय झाला हे खरे, आणि आजोबांची ती लांबची वाटही खरी. या दोन गोष्टी एकाच मनात कशा ठेवायच्या, हे मला कोणी शिकवले नव्हते.

त्यानंतरच्या आठवड्यात शाखेत एक प्रसंग घडला. साठीच्या पुढच्या एक भगिनी पतीच्या मृत्यूचा दाखला घेऊन आल्या. खाते संयुक्त, दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणाऱ्याने चालवायचे. काम सोपे होते. दाखल्याची नोंद घ्यायची, दिवंगताचे नाव कमी करायचे, नवे पासबुक द्यायचे. मी अर्ज पुढे केला. त्यांनी सही केली आणि विचारले, ‘नाव काढलेच पाहिजे का? पैसे तर माझेच आहेत. नाव राहिले तर बँकेचे काय बिघडते?’ मी नियम समजावून सांगितला. त्यांनी तो ऐकला, समजून घेतला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. रांग वाढत होती. माझ्या आवाजात थोडी घाई आली असावी, कारण त्या एकदम गप्प झाल्या. शेवटी त्यांनी जुने पासबुक मागितले. त्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारून मी ते परत दिले. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत त्यांनी ते उघडे धरून ठेवले आणि मगच पिशवीत ठेवले. पतीविषयी, संसाराविषयी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या पासबुकाविषयी.

त्या रात्री मी कादंबरीचा शेवटचा भाग पुन्हा वाचला, आणि आमच्या तरुण सहकारीच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले असे वाटले. लैला अमीरविषयी कमी बोलते, कारण ते तिला बोलवत नाही. ती बोलते जिन्याविषयी, दारांविषयी, आरशाविषयी. ज्याच्याविषयी बोलता येत नाही, त्याच्या भोवतीच्या वस्तूंविषयी माणूस बोलत राहतो. घराची ती यादी हीच प्रेमकथा आहे.

बाराबंकीच्या सहकाऱ्याचा प्रश्न याहून अवघड. पण त्याचेही निम्मे उत्तर कादंबरीतच आहे, असे माझे मत झाले आहे. हमीद काका जमीनदारी वाचवण्यासाठी धडपडतात. लैला त्यांच्या बाजूने उभी राहत नाही. नंदी या मोलकरणीवर घरातले वडीलधारे हात उगारतात, तेव्हा लैला त्यांना तोंडावर सुनावते. गेलेले वैभव परत द्या, असे ती कोठेही म्हणत नाही. आपण बँकेतली माणसे ‘दावा’ हा शब्द रोज वापरतो. मृत्यूनंतरचा दावा, वारसाचा दावा. लैलाच्या दुःखाला असा कोणताच दावा जोडलेला नाही. जे गेले ते जायला हवे होते, हे मान्य करूनही ती त्यासाठी रडते. म्हणून तिच्याबरोबर बसायला संकोच वाटत नाही. उरलेले निम्मे उत्तर म्हणजे ओट्याखालच्या आजोबांचे पुस्तक. ते ज्याला मागायचे त्याने जरूर मागावे. त्याची मागणी रास्त आहे. लैलाची कहाणी वाचल्याने ती मागणी कमी होत नाही.

हृदयस्पर्शी म्हणून ज्यांची शिफारस होते, त्या बहुतेक कादंबऱ्यांकडून आपण सांत्वनाची अपेक्षा करतो. रुसलेली आत्या शेवटी जवळ घेईल, दुरावलेले भाऊ एका ताटात जेवतील, अशी आशा धरून पाने उलटतो. येथे तसे घडत नाही. आबिदा आत्या समेट न होताच जगाचा निरोप घेते. तरीही लेखिका तिला खलनायिका करीत नाही. कर्तव्यापायी स्वतःचे सुख गिळलेली स्त्री दुसऱ्याच्या सुखाला क्षमा का करू शकली नाही, हे आपल्याला उमगते. क्षमा न करणाऱ्या माणसाविषयीही माया वाटावी, ही किमया सुखान्त कादंबरीला क्वचितच साधते. मला विचाराल तर, हृदयस्पर्शी म्हणजे हेच.

पुढच्या शनिवारी मी हे सारे बैठकीत सांगितले. तरुण सहकारीला ते अर्धेच पटले. बाराबंकीचा सहकारी म्हणाला, ‘साहेब, पुस्तक मला अजूनही आवडले नाही. पण ती पोरगी आवडली.’

त्या भगिनी नंतर अनेकदा शाखेत आल्या. नवे पासबुक भरून घेण्यासाठी त्या पिशवी उघडत, तेव्हा आत जुने पासबुकही दिसे. त्यांच्यासाठी मी कधी घाई केली नाही.