भिंत दुकानाची, कला परिसराची

चित्रकाराला रंग आणि कागद मिळवता येतात. कठीण जाते ती भिंत मिळवणे. मुंबईचे जहांगीर कलादालन १९५२ मध्ये सुरू झाले. तेथे प्रदर्शनाची तारीख मिळावी म्हणून चित्रकारांना काही वर्षे वाट पाहावी लागते, आणि दालनाबाहेरच्या पदपथावर चित्रे मांडून बसलेले कलावंत हे त्या परिसराचे नेहमीचे दृश्य आहे. महानगराची ही स्थिती, तर लहान शहरांतील शाळेच्या चित्रकला शिक्षकाने किंवा हौशी छायाचित्रकाराने आपले काम दाखवावे कोठे? याचे एक उत्तर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सायकलच्या दुकानात सापडू शकते.

चित्र पाहण्यासाठी सवड लागते आणि सायकलच्या दुकानात ती आपोआप मिळते. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधले जाईपर्यंत, किंवा चाकाचा आउट निघेपर्यंत ग्राहक रिकामा उभा असतो. कलादालनाची पायरी चढण्यास संकोचणारा माणूसही येथे निर्धास्तपणे येतो. समोरच्या भिंतीवर चार चित्रे असतील, तर तो ती पाहतोच. आवडनिवडही मोकळेपणाने बोलून दाखवतो. नवोदित कलावंताला असा प्रेक्षक दुर्मीळच.

लंडनच्या ओल्ड स्ट्रीटवर २०१० मध्ये ‘लुक मम नो हँड्स’ नावाचे दुकान सुरू झाले. ‘आई, बघ, हात सोडून!’ हा सायकल शिकणाऱ्या मुलाचा आनंदोद्गार त्याच्या पाटीवर होता. दुरुस्तीची कार्यशाळा, कॉफीची टेबले आणि प्रदर्शनांसाठी भिंती हे सारे एकाच छताखाली होते. ‘टूर द फ्रान्स’ शर्यत पाहण्यासाठीही तेथे गर्दी जमे. मात्र कोविडनंतर घरून काम करण्याची पद्धत रुजली, कचेऱ्यांकडे जाणारी वर्दळ घटली आणि २०२२ मध्ये हे लोकप्रिय दुकान बंद झाले.

या घटनेतून घेण्याचा बोध स्पष्ट आहे. लोकांचे प्रेम जमाखर्चाच्या वहीत जमेच्या बाजूला आपोआप मांडले जात नाही. प्रदर्शन पाहून निघून जाणारे शंभर रसिक दुकानाचे भाडे भरत नाहीत. ते भरते पंक्चर, ब्रेक आणि साखळीचे काम. म्हणून अशा दुकानाविषयी आत्मीयता असणाऱ्याने आपली सायकल दुरुस्तीसाठी तेथेच न्यावी. कौतुकाचा तोच खरा मार्ग होय.

दुकान म्हणजे वंगण, धूळ आणि धावपळ. तेथे कलेची हेळसांड होईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. परंतु कामाची जागा आणि चित्रांची भिंत वेगळी ठेवणे, चित्रांना काच बसवणे आणि अटी आधीच कागदावर उतरवणे एवढ्याने बराच प्रश्न सुटतो. विक्री झाल्यास दुकानदाराचा वाटा किती, चित्राला इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, प्रदर्शन किती दिवसांचे, हे एका पानात लिहिता येते. ओळखीच्या माणसांत लिखापढी कशाला, हा संकोच मात्र दोघांनाही महाग पडतो.

बँकेचाही येथे संबंध आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजार, ‘किशोर’ गटात ५ लाख आणि ‘तरुण’ गटात १० लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्जाची सोय आहे. अवजारे, सुटे भाग यांच्यासाठी अशा दुकानदाराला तिचा उपयोग होऊ शकतो. प्रदर्शनामुळे ग्राहक वाढतात असे दुकानदाराला वाटत असेल, तर त्याने त्या दिवसांतील विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवावी. असा अर्ज समोर आल्यावर अधिकाऱ्यानेही भिंतीवरील चित्रांना छंद म्हणून बाजूला सारू नये, आणि केवळ त्यांच्यावर भाळूनही जाऊ नये, नोंदी पाहाव्यात.

मोठी कलादालने हवीतच. पण कला पाहण्याची सवय लागते ती रोजच्या वाटेवर. एक दुकानदार, एक कलावंत आणि काही नियमित ग्राहक एवढ्या भांडवलावर ती सवय एखाद्या परिसराला लागू शकते. हे भांडवल प्रत्येक शहरात आहे. ते कामाला लावण्याची इच्छा तेवढी हवी.