फाईल हरवली नाही, पत्ता बदललाय!

हौसेने व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? तो लाल पडदा! 'मीडिया ऑफलाइन'. काल रात्रीपर्यंत नीट चाललेली टाइमलाइन सकाळी लालभडक. बिचाऱ्याने एखाद्या जाणकाराला विचारलं तर पहिलं उत्तर ठरलेलं, "फाईल्स नीट ठेवायला काय होतं रे तुम्हाला?"

मंडळी, मला या उत्तराचाच राग आहे.

आधी भानगड काय ते थोडक्यात. प्रोजेक्ट फाईलमध्ये तुमचा व्हिडिओ नसतोच. प्रीमियर प्रोची प्रोजेक्ट फाईल म्हणजे झिप केलेलं एक्सएमएल. अमुक क्लिप तमुक ठिकाणी आहे, तिचा इथपासून इथपर्यंतचा तुकडा घ्या, एवढंच त्यात लिहिलेलं. म्हणून तर शंभर जीबी फुटेजचा प्रोजेक्ट काही एमबीत बसतो. थोडक्यात, ती पत्त्यांची वही आहे. आता जोशीकाका सदाशिव पेठेतून कोथरूडला राहायला गेले आणि पोस्टमनने पाकिटावर 'पत्त्यावर राहत नाहीत' असं लिहून परत पाठवलं, तर जोशीकाका वारले असं आपण समजतो का? सॉफ्टवेअर मात्र थेट सुतकी चेहरा करून बसतं.

हसण्यावारी नेण्यासारखं नाहीये हे. माझ्या आतेभावाच्या लग्नाचा व्हिडिओ करणाऱ्या माणसाने 'डेटा करप्ट झालाय, रिकव्हरीला पैसे लागतील' असं सांगून टाकलं होतं. आत्या दोन दिवस जेवली नाही. आजीचं चालतं-बोलतं शेवटचं शूटिंग त्यात होतं. मी जाऊन बघतो तर एक्स्टर्नल हार्ड डिस्क नव्या लॅपटॉपला लावलेली, त्यामुळे ई ड्राइव्हचा एफ झालेला. बस्स, एवढंच! विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर पुन्हा ई केलं, प्रोजेक्ट उघडला, आजी हजर.

तो माणूस लबाड होता असं मला नाही वाटत. तो घाबरला होता. समोरच्या खिडकीत दीडेकशे क्लिप्सची यादी होती. 'या सगळ्या ई ड्राइव्हवर होत्या, आणि ई ड्राइव्हच मला दिसत नाहीये' हे एक वाक्य त्यात कुठेही नव्हतं. सॉफ्टवेअरला ते काढणं अवघड आहे? दीडशे पाथची सुरुवात सारखी आहे हे कॉलेजातला पोरगाही दहा ओळींच्या कोडमध्ये शोधेल.

खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. पत्ता म्हणजे ओळख नव्हे. घर बदललं तरी माणसाचा आधार क्रमांक बदलत नाही. गंमत म्हणजे जुन्या टेपवाल्यांना हे पक्कं माहीत होतं. तेव्हा 'ऑफलाइन' म्हणजे स्वस्त कॉपीवर केलेलं कच्चं एडिटिंग. मग त्या एडिटची यादी घेऊन मूळ टेपवरून पक्कं काम व्हायचं. त्या यादीत असायचा रीळ नंबर आणि टाइमकोड. कॅसेट कुठल्या कपाटात आहे याच्याशी यादीला देणंघेणं नव्हतं! आपण प्रगती करून कपाटाचा खण लिहायला लागलो.

बरं, रीलिंक करताना तरी? प्रीमियरमध्ये 'लोकेट' दाबून एक फाईल दाखवली की त्याच फोल्डरमधल्या बाकीच्या आपोआप जोडल्या जातात. छान. पण मुख्य भिस्त फाईलच्या नावावर. आणि कॅमेरे नावं काय देतात? 'सी ०००१'. लग्नात दोन कॅमेरे असले की दोन्हीकडे 'सी ०००१'! मंगलाष्टकांच्या जागी हळद जोडली जाऊ शकते, आणि लाल पडदा गेला म्हणून आपण खूश.

फाईलच्या आतल्या मजकुरावरून तिची ओळख ठरवणं हे काही रॉकेट सायन्स नाही. २००५ साली आलेलं गिट तेच करतं, आपण रोज ऑफिसात वापरतो. "एवढ्या मोठ्या व्हिडिओचा हॅश काढायला वेळ किती लागेल!" असं कुणी म्हणेल. केडेनलाइव्ह नावाचं फुकट सॉफ्टवेअर बघा. मोठ्या फाईलचा सुरुवातीचा आणि शेवटचा साधारण एकेक एमबी घेऊन त्याचा हॅश प्रोजेक्टमध्ये लिहून ठेवतं. फाईल हलवा, नाव बदला, फोल्डर दाखवला की शोधून काढतं. फाईल कन्व्हर्ट केलीत तर हॅश बदलणार हे मान्य, तेव्हा नाव आणि टाइमकोड वापरा की! पण जे फुकटवाल्यांना जमतं ते दरमहा पैसे घेणाऱ्यांनी का करू नये?

तोपर्यंत आपली कातडी आपणच वाचवायची. लाल पडदा दिसला की काहीही डिलीट करू नका, आधी ड्राइव्हचं अक्षर बघा. एका प्रोजेक्टचा एकच फोल्डर, गाणी आणि फोटोसुद्धा त्यातच, डाउनलोड्समधून थेट टाइमलाइनवर ओढायचे नाहीत. कॅमेऱ्याच्या फाईल्सना एडिटिंग सुरू करायच्या *आधी* वेगळी नावं द्या. काम संपलं की प्रीमियरमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर, दाविंची रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट आर्काइव्ह, म्हणजे फुटेजसकट सगळं एका जागी येतं. आणि त्याची दुसऱ्या डिस्कवर कॉपी.

पण हे सगळं पाळायला सांगताना समोरच्याला बावळट ठरवू नका. एका माणसाने चूक केली तर ती त्याची. हजारो माणसं वर्षानुवर्षं तीच चूक करत असतील तर ती डिझाइनची, म्हणजे आपल्या जातभाईंची. युजरला शिस्त शिकवणारे मेसेज लिहिण्याऐवजी त्यांनी तो हॅशचा कोड लिहावा. एका वीकेंडचं काम आहे राव. बरं, दोन घ्या!