चित्राला आवाज कशाला?

अलीकडे संग्रहालयांना चित्रे मुकी वाटू लागली आहेत. २०२१ साली पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राने गूगलच्या साहाय्याने कांदिन्स्कीचे ‘पिवळा-तांबडा-निळा’ (१९२५) हे चित्र बोलके केले. पडद्यावरील एखाद्या आकारास स्पर्श करावा, की नेमून दिलेला ध्वनी उमटतो. असले खेळ आता संग्रहालयांच्या दालनांतूनही मांडले जातात. मुलांना गंमत वाटते, वाटू द्यावी. आमचा आक्षेप आहे तो त्याला ‘चित्र ऐकणे’ म्हणण्यास.

या मंडळींचा आधार म्हणजे खुद्द कांदिन्स्की. पिवळ्यात त्याला ट्रम्पेट ऐकू येई, फिकट निळ्यात बासरी, गडद निळ्यात चेलो. मान्य, पण ते कान कांदिन्स्कीचे होते. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि स्क्रियाबिन हे दोघेही रशियन संगीतकार स्वरांत रंग पाहणारे. तरी ‘सी मेजर’ हा एकच स्वरमेळ पहिल्याला पांढरा दिसे, दुसऱ्याला तांबडा! एका देशातील दोन जाणत्यांचे जेथे जुळले नाही, तेथे हे यंत्र साऱ्या जगाचे कान एकाच पट्टीत लावावयास निघाले आहे. कांदिन्स्कीने स्वतः काय केले? १९११ च्या जानेवारीत म्युनिकमध्ये शोनबर्गचे संगीत त्याने ऐकले आणि त्यानंतर चित्र काढले: पियानोचा काळा आकार, आणि त्याच्याभोवती उसळलेला पिवळा रंग. त्याला चित्राखाली वाद्य ठेवावे लागले नाही.

आमच्या रागमाला-चित्रकारांनाही हे कळत होते. तोडी रंगविताना त्यांनी वीणाधारी स्त्री आणि भोवती हरिणे काढली. तोडी मनात आळवावयाचे काम पाहणाऱ्यावर सोपविले.

जयपूर हाऊसमध्ये गायतोंडे यांची चित्रे आहेत. नागपुरास १९२४ साली जन्मलेले, १९७२ साली आपल्यासारखेच दिल्लीस आलेले हे चित्रकार शास्त्रीय संगीताचे मोठे प्रेमी. पण चित्रांना ‘अमूर्त’ हे विशेषणही त्यांना खपत नसे. उद्या कोणी त्यांच्या करड्या-पिवळ्या विस्तारावर संतूरचे बटण बसविले, तर? आम्ही कारकून माणसे. आठवडाभर वरून आलेल्या टिपणीबरहुकूम मसुदे लिहितो. रविवारी चित्रापुढेही वरचीच टिपणी ऐकावयाची काय?

संग्रहालयांना खर्चच करावयाचा असेल, तर प्रत्येक मोठ्या चित्रासमोर एक बाक ठेवावा, पाठ टेकता येईल असा, आणि पहारेकऱ्यास सांगावे की बसलेल्यास उठवू नकोस.