दातांची प्लेट आणि चहाचा कप

मुलांच्या वेड्यावाकड्या दातांना तारा लावून घेणे आता खेड्यातही नवे राहिलेले नाही. दर महिन्याला तालुक्याला हेलपाटा, एसटीचे भाडे, डॉक्टरांची फी. एवढे करून तारा निघाल्या की हातात येते एक छोटीशी प्लेट. सरळ झालेले दात पुन्हा सरकू नयेत म्हणून ती घालायची. आणि नेमकी तिचीच घरोघर हेळसांड होते!

ही प्लेट बहुधा ॲक्रिलिकची, म्हणजे आजोबांच्या कवळीच्याच प्लास्टिकची असते. स्वच्छतेच्या हौसेने ती उकळत्या पाण्यात टाकाल तर वाकेल. पारदर्शक पातळ साचा असेल, तर तो कढत चहानेही बिघडू शकतो. चहाचे डाग पडतात ते वेगळेच. तेव्हा तोंडात प्लेट असताना फक्त साधे पाणी प्यावे.

दुकानात मिळणाऱ्या औषधी चुळांच्या पाण्यात पुष्कळदा अल्कोहोल असते. त्याने ॲक्रिलिकला बारीक तडे जाऊ शकतात. बाटलीवरचे लेबल वाचावे, आणि चूळ भरायची तर प्लेट काढूनच. तारांवरच्या साखळीसारख्या रबरांचेही तसेच. त्यांचा ताण पहिल्या दिवसातच सुमारे निम्म्यावर येतो. अशा पाण्याने तो आणखी लवकर उतरतो. हळदीच्या कालवणाने रबरे पिवळी होतात, त्याची मात्र काळजी नको. डॉक्टर ती बदलतातच.

बाटलीतल्या थंड पेयांनी प्लेटपेक्षा दातांचे नुकसान अधिक. माती परीक्षणाच्या कागदावर आपण जमिनीचा सामू पाहतो ना? दातावरचे कठीण आवरण साधारण ५.५ सामूच्या खाली विरघळू लागते, आणि कोलाचा सामू असतो २.५ च्या आसपास! ते आंबटगोड पाणी प्लेटखाली अडकले की लाळेला ते धुता येत नाही.

प्लेट थंड पाण्याने, मऊ ब्रशने, किंचित साबण लावून धुवावी. दंतमंजन नको, ओरखडे पडतात. तोंडात नसेल तेव्हा ॲक्रिलिकची प्लेट डबीत, पाण्यात ठेवावी. कोरडी पडली की आकार बिघडतो. लग्नाच्या पंगतीत कागदात गुंडाळून ठेवाल तर पत्रावळीबरोबर उकिरड्यावर जाईल.

प्लेट घट्ट किंवा सैल लागू लागली, तर घरी गरम करून वाकवू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावी, सुगीचे दिवस असले तरी. दात सुगी संपायची वाट पाहत नाहीत.