धृष्टद्युम्न आणि पहिलीतला वाचक

यंदा अंकाच्या मधोमध काही पानं मोठ्या अक्षरांत छापली आहेत. ती पहिली-दुसरीतल्या लेकरांसाठी आहेत. मोठ्यांच्या दिवाळी अंकात ही घुसखोरी कशाला, असं आमच्याच संपादक मंडळात विचारलं गेलं. कागद महाग झालाय, जाहिराती आटल्यात, आणि ज्यांच्या कविता जागेअभावी परत गेल्या त्या कवींचा राग वेगळाच. मंडळात तोंडी दिलेलं उत्तर इथं जरा सविस्तर देतो.

सोयाबीन विकून झालं की चाकूरच्या बाजारात पैसा फिरायला लागतो. कपडे, फटाके, फराळाचं सामान घेऊन उरलंच काही, आणि लेकरासाठी पुस्तक घ्यायचं मनात आलंच, तर काय घेतलं जातं? सामान्यज्ञानाचं पुस्तक, इंग्रजी अक्षरांचा तक्ता, नाहीतर संस्कारकथा. दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीसाठी घडलेल्या लातूर पॅटर्नची सावली लांबत लांबत पहिलीच्या वर्गापर्यंत आलीय. पुढं नवोदय आहे, शिष्यवृत्ती आहे, त्याच्याही पुढं नीट आहे. मग सहा वर्षांच्या पोराच्या हातातलं पुस्तकही ‘कामाला येणारं’ पाहिजे. कॉमिक? ते टाइमपास.

आमचं म्हणणं नेमकं उलटं आहे. ज्याला वाचन अजून जमत नाही, त्याच्यासाठी टाइमपास हाच अभ्यास आहे. पहिलीतलं लेकरू वाचताना काय करतं ते शेजारी बसून बघा. ते अक्षराला काना लावतं, मागं जाऊन वेलांटी बघतं, वर मात्रा आहे का तपासतं, एक शब्द जुळवतं आणि पुढच्याकडं वळतं. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरलेली असते. अक्षरं सगळी वाचली, हाती काही लागलं नाही. अशा वेळी शेजारचं चित्र अर्थ धरून ठेवतं. कुत्रा चिखलात पडलेला दिसतोय आणि फुग्यात दोनच शब्द आहेत, तर लेकरू ते दोन शब्द अंदाजानं काढतं आणि मग अक्षरांवरून ताडून बघतं. मोठे याला ‘बघून सांगितलं, वाचलं नाही’ म्हणतात. अंदाज करणं आणि तो पडताळणं, यालाच आम्ही वाचन म्हणतो. पार्ले-जीचा पुडा आणि एसटीची पाटी आपण सगळेच असेच वाचायला शिकलो.

आता बापलोकांच्या आठवणीकडं येऊ. ‘आमच्या वेळी चांदोबा होता’ हे वाक्य कधी ना कधी निघतंच. खरंय, होता. मद्रासला नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ साली तेलुगू आणि तमिळमधून तो काढला, मराठीत तो आला १९५२ साली. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला १७ सप्टेंबर १९४८ ला. तोवर इथं माध्यमिक शाळेचं शिक्षण उर्दूतून चालायचं. शाळांतून मराठी रुळायला लागली होती त्याच दिवसांत चांदोबा इथवर पोचला. पुढं त्यात शंकर यांनी काढलेला, खांद्यावर प्रेत घेऊन चाललेला विक्रम बघून दचकलेली माणसं आज आजोबा आहेत.

पण तो चांदोबा जरा काढून बघा. बारीक टाईप, भरगच्च रकाने, लांब वाक्यं. सहा वर्षांच्या पोराला तो स्वतः वाचताच येत नव्हता. घरातलं कुणीतरी मोठ्यानं वाचायचं आणि लेकरं चित्रावर बोट ठेवून ऐकायची. बापलोकांना चांदोबाची म्हणून जी हळहळ वाटते ती बरीचशी कुणीतरी आपल्याला वाचून दाखवत होतं याची आहे. अंक बंद पडून दहा-बारा वर्षं झाली. वाचून दाखवणं घराघरांतून कधी बंद झालं, त्याची तारीख मात्र कुणी लिहून ठेवली नाही.

अमर चित्रकथेचंही तसंच. दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजूषेत दिल्लीच्या मुलांना रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही, हे बघून अनंत पै यांनी १९६७ साली ती मालिका सुरू केली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. म्हणजे मुळात तीही ‘पोरांना हे माहीत पाहिजे’ या मोठ्यांच्या काळजीतूनच निघाली. पोरांनी ती उचलली तलवारी, हत्ती आणि राक्षसांसाठी, हे पै यांचं भाग्य आणि पोरांची हुशारी. चौथी-पाचवीच्या पुढं ती जरूर द्या. पण नुकतं वाचायला लागलेल्या लेकरापुढं ‘धृष्टद्युम्न’ ठेवून ‘वाच बरं’ म्हणणारा बाप महाभारत शिकवतोय की पोराला पुस्तकांपासून पळवून लावतोय? राक्षस काळे आणि राजपुत्र गोरेपान हा त्या जुन्या चित्रांचा हिशेबही लेकरांसोबत बसून बोलण्यासारखा आहे. आपल्या वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं त्या हिशेबानं राक्षसाच्याच बाजूला जातील.

मग द्यायचं काय? मराठीतलं सगळ्यांत सोपं कॉमिक रद्दीच्या गठ्ठ्यात सापडतं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ २१ नोव्हेंबर १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये यायला लागला. मोजक्या चौकटी, प्रत्येकीत एखादं वाक्य, तेही घरात बोलतात तसं, आणि शेवटी कुणाची तरी फजिती. तात्पर्य नाही. जुन्या पेपरांतून अशा पट्ट्या कापून वहीत चिकटवल्या तर खर्च फक्त डिंकाचा. त्यातला विनोद काही वेळा मोठ्यांचा असतो, तेवढ्या पट्ट्या बाजूला काढाव्या लागतात.

‘चंपक’ मराठीत मिळतो. त्यातल्या गोष्टींवर शिकवणीचा वास जरा जास्त येतो, पण चीकू सशाची चित्रकथा लेकरं आधी उघडतात, ते बरोबरच करतात. ‘चिकूपिकू’ लहानग्यांसाठीच निघतं. चित्रं उत्तम, पण आपल्याकडं स्टॉलवर सहसा दिसत नाही, मागवावं लागतं. माधुरी पुरंदरे यांची राधा आणि यशची पुस्तकं घरात असावीतच. राधाचं घर शहरी आहे, आपल्या वाडीतलं नाही. तरी त्यात लेकरांना कुणी उपदेश करत नाही, आणि हा गुण आमच्या लेखी घराच्या पत्त्यापेक्षा मोठा आहे. बालभारतीचं ‘किशोर’ नोव्हेंबर १९७१ पासून निघतं, परवडतं, आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पण ते तिसरी-चौथीपासून पुढं. लहान भावंडाला त्यातली कोडी आणि चित्रं पुरेत. स्टोरीवीव्हरवर प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं पायऱ्यांनी लावलेली आहेत, पहिल्या पायरीत अडीचशे शब्दांच्या आतलं पुस्तक मिळतं. शाळेत प्रिंटर असेल तर छापून घ्या. मोबाईलवर दाखवायला गेलात तर तिसऱ्या पानावर लेकरू गेमवर गेलेलं असतं.

दुकानात कोणाचंही मत विचारू नका, आमचंही. एक पान उघडा आणि लेकराला वाचू द्या. अडलेल्या शब्दाला एक बोट दुमडायचं. पान संपायच्या आत मूठ बंद झाली तर ते पुस्तक त्याचं नाही, तुमचं आहे. तुम्ही वाचून दाखवा, त्याच्यासाठी दुसरं बघा. जोडाक्षरं मोजा. एकच वाक्य पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट दिसली की लगेच घ्या. चिमणी-कावळ्याची, भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती याच गुणावर. तिसऱ्यांदा ते वाक्य आलं की लेकरू न अडखळता म्हणून टाकतं, आणि आपण वाचलं या आनंदात पान उलटतं. पाठ झालंय म्हणून टोकू नका. आणि दोन पुस्तकांत लेकरानं फालतू दिसणारं उचललं तर तेच घ्या.

एक अडचण मात्र कुठल्याही दुकानात सुटत नाही. या पुस्तकांतली लेकरं बोलतात पुण्याचं. आपली पोरं घरी ‘काय करूलालास’ म्हणतात, तांड्यावरची गोरमाटी बोलतात, काहींच्या घरी दखनी आहे. वाचायला शिकायचं आणि त्याच वेळी परकं बोलणंही शिकायचं, असं दुहेरी ओझं त्यांच्यावर पडतं. प्रमाण भाषा शिकावीच लागणार, त्याबद्दल वाद नाही. पण पहिली पंचवीस-तीस पानं तरी घरच्या बोलण्यातली असावीत, आणि ती मुंबई-पुण्याहून येणार नाहीत. शिवाय शाळेत आलेली पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतात, फाटली तर हिशेब कोण देणार म्हणून. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली लेकरं तर दिवाळीच्या सुमारास गावातूनच निघून जातात. त्यांच्या बोचक्यात जाड पुस्तक बसत नाही, आठ-दहा पानांचा अंक बसतो.

म्हणून ही मधली पानं. गोष्टी लेकरांनीच सांगितलेल्या आहेत, शिक्षकांनी त्या ऐकून जशाच्या तशा उतरवल्या आहेत. लातूर रोडच्या स्टेशनावर हरवलेली शेळी, वडवळच्या बेटावर चढताना चप्पल तुटलेला मामा, आठवडी बाजारात फुगेवाल्याशी घातलेली हुज्जत. दोन गोष्टी फुग्यांच्या चौकटींत आहेत, एकीत शब्दच नाहीत. पानं वेगळी शिवलेली आहेत. पिना काढल्या की अंकाला धक्का न लागता बाहेर येतात.

पुढच्या वर्षासाठी अशाच गोष्टी आषाढीपर्यंत पाठवा. लेकराचं नाव, इयत्ता आणि गाव लिहा. कृपा करून शुद्धलेखन सुधारून पाठवू नका, आणि शेवटी तात्पर्य जोडू नका. जोडलंत तर आम्ही ते काढूनच छापणार आहोत.