चादरवाल्याचा फोटो

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण आपल्याच वाडीतल्या ग्रुपबद्दल आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

2022 चा सप्टेंबर. गणपती नुकतेच गेले होते. तालुक्यातल्या एका वाडीत मोटारसायकलवर चादरी बांधून एक विक्रेता आला. अंगणात खेळणाऱ्या पोराला त्याने विचारलं, "घरात कोण आहे रे?" फेरीवाला दुसरं काय विचारणार? पण त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. कुणीतरी लांबून फोटो काढला आणि वाडीच्या ग्रुपवर टाकला. खाली ओळ लिहिली, "सावधान, हा माणूस मुलांची चौकशी करतोय."

पुढचा प्रवास बघा. वाडीच्या ग्रुपवरून फोटो मुंबई मंडळाच्या ग्रुपवर गेला. तिथून नालासोपारा, दिवा, भांडुप. पंधरा मिनिटांत मुंबईहून घरी फोन सुरू झाले, "आये, पोरांना आत घे, दार लाव." जी म्हातारी मघाशी त्या माणसाशी चादरीचा भाव करत होती, तिलाच मुंबईच्या लेकाने घाबरवलं. खबर वाडीतून निघाली, मुंबईला जाऊन दुप्पट होऊन वाडीत परत आली.

नाक्यावर पोरांनी त्याला अडवलं. पोलीस पाटील वेळेवर पोचले. त्यांनी आधार कार्ड बघितलं, तो जिथे खोली घेऊन राहत होता त्या शृंगारतळीच्या मालकाला फोन लावला. माणूस आठ वर्षं याच भागात धंदा करत होता. सोडून दिला. कुणी हात उचलला नाही, म्हणून त्याची बातमीही झाली नाही.

आता माझं सांगतो. तो फोटो माझ्याकडे चार ठिकाणांहून आला होता. मी पत्रकारितेची पदविका घेतलेला माणूस, एक फोन करायला हवा होता. पण दुसरा कुणीतरी आधी टाकेल या घाईत मी माझ्या पेजवर "संशयित इसम फिरत असल्याची चर्चा" असं टाकलं. चाळीस मिनिटांनी काढलं आणि खुलासा लिहिला. पहिल्या पोस्टला शंभरावर शेअर होते. खुलाशाला अकरा. मुंबईच्या ग्रुपवर खुलासा गेलाच नाही. पुढच्या वर्षी तो चादरवाला आला नाही.

यात विशेष काय, असं वाटत असेल तर राईनपाडा आठवा. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं गाव, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्या काळात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षिततेच्या जाहिरातीतला होता. शेवटचा खुलाशाचा भाग कापून तो खरा म्हणून फिरवला गेला.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. काही प्रमाणात उपयोग झालाही असेल. पण चार वर्षांनी, याच सप्टेंबर 2022 मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात लवंगा गावी चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. मर्यादा फोनवर होती. संशयाला कोण घालणार?

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बानाजी आणि राम भट यांनी महाराष्ट्रासह काही राज्यांत फिरून याचा अभ्यास केला. 2019 च्या त्यांच्या अहवालाचा रोख असा, की लोक अडाणी आहेत, त्यांना फोन कळत नाही, म्हणून हे होतं असं समजू नका. मनात आधीपासून असलेला पूर्वग्रह आणि पाठवणाऱ्या आपल्या माणसावरचा विश्वास, या दोन्हींवर खोटा मेसेज चालतो. मला हे शंभर टक्के पटतं. आमच्या वाडीत फोटो टाकणारा पोरगा शिकलेला होता. मीही शिकलेला आहे. तो चादरवाला आपल्याकडचा असता, आपल्यासारखा बोलणारा असता, तर त्याचा फोटो निघाला असता का?

मोबाईल वाईट, असं मी म्हणत नाही. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा याच ग्रुपवरून माणसं शोधली, बोटी, जेवण, औषधं पोचवली. गाव आणि मुंबई यांना रोज जोडून ठेवणारं असं साधन आपल्याकडे पूर्वी कधी नव्हतं.

पण एक जुनी गोष्ट आठवते. 3 जून 1997 ला पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले, एन्रॉनविरोधी आंदोलनातल्या बायकांना घरातून काढून मारलं. तेव्हा मोबाईल नव्हता. माणसं वेलदूरला गेली, त्या बायकांसमोर बसली, नाव, तारीख, वेळ लिहून घेतली. म्हणून 1999 च्या ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालात ते सगळं आलं आणि आजही कुणीही काढून वाचू शकतं. आज तेच घडलं तर तासाभरात व्हिडिओ दिल्लीला पोचेल, हे चांगलंच. पण ते कुठे झालं, कधी झालं, कुणी बघितलं, हे विचारून लिहून ठेवणारा कोण? ग्रुपवरच्या खबरीला बाप नसतो. जो तो म्हणतो, "आला तसा पाठवला."

म्हणून तीन साध्या गोष्टी मांडतो.

एक, अ‍ॅडमिननी नियम करावा: माणसाचा फोटो टाकायचा तर कुठे, कधी, आणि स्वतः बघितलं की ऐकलं, हे लिहिल्याशिवाय टाकायचा नाही. नाहीतर डिलीट.

दोन, खोटी खबर जितक्या ग्रुपवर गेली तितक्या ग्रुपवर खुलासा गेला पाहिजे, मुंबई मंडळाच्या ग्रुपवर तर आधी. ज्याने पहिली टाकली त्यानेच तो टाकायचा.

तीन, आपल्या खरे-ढेरे-भोसले कॉलेजच्या मुलांनी शिमग्यापासून गणपतीपर्यंत एक वही ठेवावी. गावच्या ग्रुपवर काय आलं, कुठून आलं, खरं किती निघालं. आणि ज्यांच्याकडे फोनच नाही, त्या आजीबायांपर्यंत काय पोचलं तेही. लंडनच्या माणसांनी येऊन आपला अभ्यास केला. आपण आपला कधी करणार?

माझ्यापुरतं ठरवलंय: एक फोन केल्याशिवाय पोस्ट नाही. उशीर झाला तर झाला. कुणी आधी टाकलं तर टाकू दे.

आणि तो चादरवाला कुणाला कुठे भेटला, तर मला जरूर कळवा. त्याची माफी मागायची राहिली आहे. फोटो मात्र काढू नका.