सन्मान कोणाचा आणि केव्हां?

डिसेंबर महिना उजाडला कीं एड्स या रोगाविषयीं चार शब्द बोलण्याची रीत १९८८ सालापासून जगभर पडली आहे. पहिल्या तारखेस लाल फिती लावल्या जातात, सभा होतात, एखाद्या डॉक्टरांस शाल व श्रीफळ अर्पण करण्यांत येतें, आणि दोन तारखेस सर्व कांहीं पूर्ववत् होतें. आम्हांलाहि या सदरांत त्या रोगाशीं झुंजणाऱ्यांचें चार ओळींचें अभिनंदन करून मोकळें होतां आलें असतें. परंतु आमच्या एका वाचकभगिनीच्या पत्रानें तो सोपा मार्ग बंद केला. आपल्या वसाहतींतील महिला मंडळांत या विषयावर एका डॉक्टरीणबाईंचें व्याख्यान ठेवावें, अशी सूचना त्यांनीं केली होती. तेव्हां एका वयस्क सभासद भगिनी म्हणाल्या, "अहो, आपल्या घरांतून कोठें असतो हा विषय? त्यापेक्षां आहारावर ठेवा." झालें, सूचना बारगळली. यावर आम्हीं कांहीं लिहावें, अशी पत्रलेखिकेची इच्छा आहे.

"आपल्या घरांतून" हे शब्द आम्हांस फार बोलके वाटले, आणि त्यांवरूनच आम्हांला एका घराची आठवण झाली. मद्रासमध्यें चामड्याचा व्यापार करणारें गायतोंडे नांवाचें एक मराठी कुटुंब होतें. त्यांतील आठ भावंडांत सुनीति ही एकटीच मुलगी. तिनें मद्रासच्या मेडिकल कॉलेजांत वैद्यकाचें शिक्षण घेतलें. व्हिक्टर सॉलोमन नांवाच्या शल्यवैद्याशीं विवाह केला. इंग्लंड, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथें अनुभव मिळविला. आणि आपली गरज स्वदेशीं अधिक आहे असें मनानें घेतल्यावरून १९७३ सालीं पतीसह ती परत आली. पुढें सूक्ष्मजंतुशास्त्राची अध्यापिका म्हणून आपल्याच जुन्या कॉलेजांत रुजू झालेल्या या विदुषीला जग डॉ. सुनीति सॉलोमन या नांवानें ओळखूं लागलें.

१९८५ सालच्या अखेरीचे ते दिवस वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावे. अमेरिकेंत या रोगाची पहिली नोंद होऊन चार वर्षें लोटलीं होतीं. आपल्याकडे मात्र हें पाश्चात्यांच्या स्वैर जीवनाचें फळ आहे, आपल्या शुद्ध भूमींत तें रुजावयाचें नाहीं, असा सार्वत्रिक समज होता. मुंबईहून शेंकडों नमुने पुण्याच्या विषाणु-संस्थेंत तपासण्यासाठीं गेले होते व त्यांत कांहीं आढळलें नव्हतें. त्यामुळें तो समज अधिकच पक्का झाला. अशा वेळीं सॉलोमनबाईंनीं आपल्या एका विद्यार्थिनीला प्रबंधासाठीं हाच विषय सुचविला. विद्यार्थिनीचें नांव सेल्लप्पन निर्मला. वय बत्तीस, पदरीं दोन लहान मुलें, वळण जुन्या पद्धतीच्या घरांतलें. तिनें प्रथम नकारच दिला, यांत नवल नाहीं. तिच्या पतीनें मात्र तिला धीर दिला. विषयाचें नांव ऐकतांच शंभरांतील नव्याण्णव नवऱ्यांनीं त्या काळीं काय उत्तर दिलें असतें, तें आम्हीं लिहिण्याची गरज नाहीं.

दोनशें नमुने गोळा करावयाचे होते. परंतु मद्रासेंत मुंबईसारखी वेश्यावस्ती अशी उघड नव्हती. निर्मलाबाई इस्पितळांत उपचारास येणाऱ्या स्त्रियांशीं बोलूं लागल्या, ओळखी केल्या, आणि पोलिसांनीं पकडलेल्या स्त्रियांना ज्या सरकारी निवासांत ठेवीत त्याचा पत्ता त्यांनीं मिळविला. मग रोज सकाळीं कामावर जाण्यापूर्वीं पतीच्या स्कूटरवर बसून त्या तेथें जात. हातमोजे नाहींत, संरक्षणाचें कोणतेंहि साधन नाहीं. तीन महिन्यांत ऐंशींहून अधिक जणींचें रक्त त्यांनीं घेतलें. त्यांतून रक्तद्रव वेगळा काढण्यासाठीं सॉलोमनबाईंनीं एक तात्पुरती प्रयोगशाळा उभी केली होती. आणि ते नमुने ठेवण्यास दुसरी सोय नसल्यामुळें ते निर्मलाबाईंच्या घरच्या शीतकपाटांत राहिले. ज्या कपाटांत मुलांचें दूध, त्याच कपाटांत हे! आमच्या गृहिणी वाचकांनीं या एका गोष्टीचा क्षणभर विचार करावा, म्हणजे शास्त्रीय संशोधन हें नेहमीं चकचकीत दालनांतच होतें हा भ्रम दूर होईल.

तपासणीची सोय मद्रासेंत नव्हती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत ती होती. अंतर सुमारें एकशें चाळीस किलोमीटर. १९८६ च्या फेब्रुवारींत एका रात्रीं निर्मलाबाई पतीसह नमुने घेऊन आगगाडीनें काटपाडीस उतरल्या व तेथून रिक्षानें वेल्लोरला गेल्या. सकाळीं काम सुरू झालें. दुपारीं वीज गेली, म्हणून मंडळी चहाला गेली. परत येऊन झांकण उघडून पाहतात तों सहा नमुने पिवळे पडलेले! कोणाचाहि विश्वास बसेना. सॉलोमनबाई स्वतः इतरांसह त्या निवासांत गेल्या. त्या सहा जणींचें रक्त पुन्हां घेण्यांत आलें. तें अमेरिकेस पाठवून दुसऱ्या पद्धतीनें तपासून घेतलें. निष्कर्ष तोच. मे महिन्यांत राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनीं विधानसभेंत ही वार्ता जाहीर केली, आणि "आमच्या देशांत हें नाहीं" या वाक्याचा त्या दिवशीं शेवट झाला. निदान सरकारदरबारीं तरी झाला. मनांतून तो अद्याप व्हावयाचा आहे, हें महिला मंडळाच्या पत्रावरून दिसतेंच.

या कथेंत एक बोचरी गोष्ट आहे, व कौतुकाच्या भरांत ती झांकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. आपलें रक्त कशासाठीं घेतलें जात आहे हें त्या स्त्रियांना सांगितलें गेलें नव्हतें. नेहमींच्या गुप्तरोगांची तपासणी असेल, असें त्या समजत होत्या. निर्मलाबाईंनीं पुढें हें स्वतःच मोकळेपणानें सांगितलें आहे. त्या काळची रूढी तशी होती, आणि त्यांना दोष देण्यास आम्ही बसलों नाहीं. तथापि ज्या सहा जणींच्या रक्तानें सबंध देशाला सावध केलें, त्या बंद दाराआड होत्या, त्यांची संमति कोणी विचारली नाहीं, आणि त्यांच्या नांवें कोठें नारळहि फुटला नाहीं. संमतीवांचून अशी तपासणी करूं नये हा नियम कायद्यानें सर्वांस लागू व्हावयास २०१७ साल उजाडावें लागलें, आणि त्याचा अंमल २०१८ च्या सप्टेंबरांत सुरू झाला.

निर्मलाबाईंनीं १९८७ सालीं प्रबंध सादर केला, परीक्षा दिली, आणि मद्रासच्या किंग संस्थेंत नोकरी पत्करून २०१० सालीं निवृत्त झाल्या. त्यांची कहाणी लोकांच्या कानीं पडली ती २०१६ सालीं, म्हणजे बरोबर तीस वर्षांनीं. गुरुमाउलीचा मार्ग निराळा. त्या एका निष्कर्षानें सॉलोमनबाईंचें पुढील आयुष्यच व्यापलें. १९९३ सालीं त्यांनीं आपल्या माहेरचें आडनांव धारण करणारी एक संस्था चेन्नईंत काढली. तपासणी, औषधोपचार, समुपदेशन व संशोधन हीं सर्व कामें तेथें चालूं लागलीं. इतर डॉक्टर ज्यांना स्पर्श करण्यास कचरत, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बाई बोलत.

आणखी एका कामाचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें, कारण तें आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचें आहे. बाई लग्नें जुळवीत! विषाणूची लागण झालेल्या तरुण-तरुणींनींहि संसार करावा, घरच्यांच्या धाकानें निरोगी मनुष्याशीं खोटें बोलून लग्न करूं नये, यासाठीं त्या अशा स्थळांची नोंद ठेवीत. शिक्षण, प्राप्ति, घराणें यांबरोबर प्रकृतीचा अहवालहि पडताळून पाहत. गुण आणि नाडी जुळविण्यांत आपण केवढा खटाटोप करतों! येथें तर जुळणीवर दोन जिवांचें आरोग्य अवलंबून होतें. त्या स्वतः वर्षानुवर्षें हें करीत राहिल्या. २८ जुलै २०१५ रोजीं त्या निवर्तल्या, आणि २०१७ च्या जानेवारींत सरकारनें त्यांना पद्मश्री जाहीर केली. पदक घेण्यास बाई नव्हत्या.

हा उशीर आपल्याकडे नवा नाहीं. रघुनाथ धोंडो कर्व्यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें. लंडनमध्यें मेरी स्टोप्सबाईंनीं काढलें तेंहि त्याच वर्षीं. या मतांपायीं त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनीं १९२७ पासून १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत चालविलें, आणि त्यासाठीं न्यायालयाच्या पायऱ्याहि चढल्या. १९३४ सालीं त्यांची बाजू मांडण्यास डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. तो खटला ते हरले. सत्कार तर राहोच, 'आपल्या घरांतून' त्यांना काय ऐकावें लागलें तें जुन्या माणसांना ठाऊक आहे. त्यांच्याच कार्याचा वसा घेतलेल्या शकुंतलाबाई परांजप्यांना १९९१ सालीं पद्मभूषण मिळालें. तेव्हां त्यांचें वय पंचाऐंशीच्या घरांत होतें.

गोमंतकांतील एक प्रकरण तर याहून कडू आहे. डॉमनिक डिसोझा या तरुणानें परोपकारबुद्धीनें रक्तदान केलें. त्या रक्तांत विषाणु आढळला म्हणून १९८९ सालीं पोलिसांनीं त्याला पकडून नेलें, आणि एका जुन्या क्षयरुग्णालयांत चौसष्ट दिवस एकटें कोंडून ठेवलें. त्याची आई ल्यूसीबाई न्यायालयांत गेली. त्यांना यश आलें नाहीं. परंतु पुत्राची सुटका झाली, आणि १९९२ सालीं मृत्यूपूर्वीं त्यानें आपल्यासारख्यांसाठीं एक संस्था उभी केली. रक्तदात्याला प्रशस्तिपत्र देतात. येथें पहारेकरी मिळाला. अशा रोग्यांशीं भेदभाव करूं नये असा जो कायदा आज आहे, त्याच्या मागें या मायलेकांची झुंज आहे, हें आमच्या गोमंतकीय वाचकांना तरी विसरतां येणार नाहीं.

औषधांविषयीं थोडक्यांत सांगतों. १९९६ च्या सुमारास तीन औषधें एकत्र देण्याची पद्धति निघाली व मरणपंथास लागलेले रोगी उठून बसूं लागले. परंतु एका रोग्यास वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येई. मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनीं २००१ सालीं तींच औषधें गरिबांसाठीं काम करणाऱ्या वैद्यकसंस्थेस वर्षाला साडेतीनशें डॉलरांत देऊं केलीं, आणि आफ्रिकेपर्यंत त्याचा परिणाम पोंचला. आपल्या सरकारनें १ एप्रिल २००४ पासून तीं मोफत देण्यास आरंभ केला. आज नियमानें गोळी घेणारा मनुष्य आपली नोकरी, संसार, म्हातारपण हें सर्व पाहूं शकतो. रक्तांतील विषाणु तपासणींत दिसेनासा झाला व तसाच राहिला, म्हणजे पतिपत्नीसंबंधांतून दुसऱ्यास लागण होत नाहीं. बाधित मातेवर वेळीं उपचार झाले नाहींत, तर बाळास लागण होण्याचें प्रमाण शेंकडा पंधरा ते पंचेचाळीस असतें. उपचारांनीं तें पांचाच्याहि खालीं येतें. गरोदरपणांतील तपासणीस "आम्हांला कशाला?" म्हणून नाकारणाऱ्या सुशिक्षित सुनांनीं व त्यांच्या सासूबाईंनीं हे दोन आंकडे जवळ ठेवावे. सरकारी रुग्णालयांतील केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते, निकाल गुप्त राहतो, आणि १०९७ या दूरध्वनीवर फुकट सल्ला मिळतो. एकत्र जेवण्यानें, कपडे धुण्यानें, पाहुणा म्हणून घरीं ठेवण्यानें हा रोग लागत नाहीं, हें पुन्हां लिहावें लागतें याचा खेद होतो, पण लिहितों.

हें स्फुट छापण्यास जात असतांना आमच्या पत्रलेखिकेचें दुसरें पत्र आलें. आहारावरील व्याख्यानाच्या वक्त्या ऐनवेळीं आजारी पडल्या, आणि नाइलाजानें डॉक्टरीणबाईंना बोलवावें लागलें! अकरा भगिनी आल्या होत्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर कोणी बोलेना. सभा संपली, चहा झाला, सतरंज्या गुंडाळल्या. तेव्हां मूळ सूचनेस ज्यांनीं विरोध केला होता, त्या वयस्क बाई हळूच वक्त्यांजवळ गेल्या व त्यांनीं तपासणी-केंद्राचा पत्ता आणि वेळ एका कागदावर उतरवून घेतली. कोणासाठीं, हें डॉक्टरीणबाईंनीं विचारलें नाहीं.